मांजरीचा वाटा

सुलूवर मला लिहिता येत नाही. दोनदा बसलो, दोनदा पान फाडलं. सुलू म्हणजे माझी बायको, सुलोचना. दिवाळीनंतर गेली. मुलुंडच्या हॉलमधल्या मॅडमनी ही वही दिली आणि सांगितलं, काका, तोंडातून निघत नसेल तर कागदावर काढा. मी चौथी शिकलेला माणूस. आधी गिरणीत होतो, गिरणी बंद पडल्यावर भांडुपला एका कारखान्यात पॅकिंगला लागलो. खोक्यांवर पत्ते लिहिले, त्याच्यापलीकडे माझं लिखाण नाही. तेव्हा सुलू राहू दे. मी आमच्या कोळणीवर लिहितो. तिच्याबद्दल लिहिताना सुलू मध्येमध्ये येईल, तेवढी येऊ दे.

कोळणीचं नाव चांगुणा. ठेंगणी, रुंद, चालताना डाव्या पायावर कलायची. केसांत अबोलीची वेणी असायची, पण कालची. सुलूनं एकदा विचारलं, बाय, शिळं फूल का गो माळतेस? तर म्हणाली, ताजं देवाला, शिळं मला. ताजी मासळी गिऱ्हाइकाला, उरलेली मला. हे हसून सांगायची नाही ती. पावसाचं सांगावं तसं सांगायची. भाव एकदाच सांगायची. दुसऱ्यांदा विचारलं की टोपलीवर फडकं टाकून पुढच्या दाराला. मासा कसा आहे असं विचारलेलं तिला चालत नव्हतं. म्हणायची, डोळे हायेत ना तुना, त्याच्या डोळ्यांत बघ.

घरं ती बायकांच्या नावानं ओळखायची. चाळीत आमच्या गॅलरीत बारा बिऱ्हाडं होती, तिच्या हिशेबी तिथं बारा बायका राहत होत्या. पुरुष म्हणजे त्या बायकांचे दादले. दादला म्हणजे नवरा. मी सुलूचा दादला. तीस वर्षं तिनं माझं नाव विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. सांगायची वेळच कुठं आली? ती यायची तेव्हा मी सेकंड पाळीचा झोपलेला असायचो. मला ती म्हणजे दाराबाहेर दोन पाय आणि एक आवाज. जाताना ती जिन्यावरून ओरडायची, "सुलूऽ, येते गं." आणि सुलू आतून, हात पिठात असले तरी, आमच्या मालवणीत उत्तर द्यायची, "हा गो. सावकाश जा." आठवड्यातून तीनदा. बुधवार, शुक्रवार, रविवार. मी चादर डोक्यावरून घ्यायचो.

मांजरीचं सांगायला हवं. मासे मोजून दिले की चांगुणा वर एक जास्तीचा टाकायची. बोंबील असेल तर बोंबील, मांदेली असेल तर चिमूटभर मांदेली. म्हणायची, हा मांजरीचा. सुलूनं पहिल्या वर्षी सांगून बघितलं की आमच्याकडे मांजर नाही. चांगुणा म्हणाली, असंल कुठंतरी. पुढं सुलूनं सांगणं सोडलं. तो जास्तीचा बोंबील आमच्या घरी मांजरीचाच म्हणून तळला जायचा आणि तव्यावरून उतरल्या उतरल्या सुलू उभ्या उभ्या खायची. ताटात कधी घेतला नाही. मांजर तीच होती, हे मला आता कळतं.

एकदा दोघींचं वाजलं. सुरमईच्या तुकडीला वास येतो असं सुलू चारचौघींत बोलली. चांगुणानं तुकडी उचलली, स्वतःच्या नाकाला लावली, परत टोपलीत ठेवली आणि काही न बोलता गेली. त्यानंतर आठ महिने दोघींचं बोलणं नाही. सुलू शेजारणीकडून मासळी मागवायची. पण त्या आठ महिन्यांत आमच्या उंबऱ्यावर दर फेरीला केळीच्या पानाच्या तुकड्यावर एक बोंबील ठेवलेला असायचा. मांजरीशी भांडण नव्हतं तिचं. शेवटी सुलूलाच असह्य झालं. एका रविवारी ती दार उघडून बसली आणि चांगुणा वाकली तशी तिनं तिचं मनगट धरलं. वास होता की नव्हता, शेवटपर्यंत कोणी कबूल केलं नाही.

मग चाळ पाडली आणि टॉवर झाला. आम्हाला सातव्या मजल्यावर खोली आली. खोली म्हणायचं नाही, मुलगा ओरडतो, फ्लॅट म्हणा. चाळीतली बहुतेक बिऱ्हाडं जागा विकून बदलापूर-विरारकडे गेली. नवीन आले ते दार लावून राहणारे. लिफ्टमध्ये कागद आणि गेटवर पाटी लागली की फेरीवाल्यांना आत सोडू नये, मासळीचे पाणी लिफ्टमध्ये सांडू नये, गेटवर आरडाओरड करू नये. चांगुणा लिफ्टमध्ये तशीही चढली नसती. तिचं म्हणणं, पेटीत बसून वर जायचं ते एकदाच, आणि तेव्हाही चौघं उचलतील. तर तिनं गेट धरलं. ओरडायला बंदी म्हणून फोन आला. तिच्याकडे बटणाचा, सुलूकडे बटणाचा. गेटवर आली की दोन रिंग द्यायची आणि कापायची. सुलू पिशवी घेऊन खाली. त्या बिल्डिंगीत तिच्याकडून मासळी घेणारं आमचं एकच घर उरलं होतं. एका घरासाठी ती नाहूर स्टेशनाकडून वाकडी वाट करून यायची. मी एकदा सुलूला म्हटलं, तिला परवडतं कसं? सुलू म्हणाली, तुम्हाला काय कळायचंय.

दिवाळी झाली आणि सुलूच्या छातीत दुखलं. आठ दिवस हॉस्पिटल. नवव्या दिवशी नाही. त्याच्यावर लिहीत नाही.

तेरावं झालं, मुलगी पुण्याला सासरी परतली. मुलगा संदीप, सून वर्षा, कांदिवलीला राहतात, तीही गेली. त्यांनी चला म्हटलं, मी नाही म्हटलं. पंधराव्या दिवशी हॉस्पिटलची पिशवी उघडली. तिच्यात सुलूचा चष्मा, कंगवा आणि बंद पडलेला फोन. फोन मी चार्जिंगला लावला. का लावला विचाराल तर सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो वाजला. दोन रिंग, आणि बंद.

मी फोन तसाच हातात घेऊन खाली गेलो. पिशवी घ्यायचंही सुचलं नाही. चांगुणा गेटच्या बाहेर मीटरच्या खोलीला लागून कट्टा आहे त्याच्यावर बसली होती. तिनं माझ्या मागं बघितलं, कोणी येतंय का.

"सुलू कुठं हाय?"

तोंड उघडलं तेव्हा मी खरंच सांगणार होतो. बाहेर आलं ते वेगळंच. "गावाला गेलीय," मी म्हटलं.

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, मग हाताकडं, मग टोपलीत खाली बघून मासे उगाच इकडचे तिकडं लावत बसली. मग म्हणाली, बरं. काय देऊ? मी म्हटलं, ती घेते ते दे. तिनं सहा बोंबील स्वतःच्याच पिशवीत घातले, वर सातवा. हा मांजरीचा.

लिफ्टमधून वर येताना खोटं बोलल्याची लाज होती, पण त्याच्याबरोबर दुसरंही काही होतं, ते लपवत नाही. पंधरा दिवस जो भेटेल तो मला सुलू गेल्याचं सांगत होता. वाईट झालं, सोन्यासारखी बाई, सुटली बिचारी. आता जगात एक माणूस असं होतं ज्याच्या लेखी सुलू गावाला, परसातल्या चुलीपुढं बसलेली होती. ते मोडायची माझी छाती नव्हती.

खोट्याचं असं की ते दाराला आतून कडी लावतं. शुक्रवारी फोन वाजला. रविवारी वाजला. गेलो नाही तर ती वॉचमनला विचारणार, वॉचमन सांगणार. वॉचमन महिन्याला बदलत होते म्हणून बरं. मी वेळेवर खाली जायला लागलो. चांगुणा विचारायची, सुलू काय करते? मी सांगायचो, घराची कौलं काढलीत. पुढच्या फेरीला, कौलं बसली काय? मी म्हणायचो, माणूस मिळत नाही. मग काजू आले, भावाच्या मुलीचं लग्न आलं, सुलूचा गुडघा आला. गुडघा म्हटल्यावर चांगुणानं तेल सांगितलं. पुढच्या बुधवारी विचारलं, लावलंन काय तेल? मी म्हटलं, लावलं, फरक आहे. बाकी सगळा वेळ मी सातव्या मजल्यावर. बाल्कनीला कबुतरं येऊ नयेत म्हणून जाळी ठोकलेली आहे. त्या जाळीत बोटं अडकवून मी खाली गेट बघायचो आणि पुढच्या फेरीला सुलूनं काय केलं ते ठरवायचो. वर राहावं तर भिंती, खाली जावं तर खोटं.

आणि घेतलेली मासळी? मला चहापलीकडे काही येत नव्हतं. पिशवी उचलायची, फ्रीजच्या वरच्या खणात कोंबायची. पोळीभाजी डब्यातून यायची. चांगुणानं एकदा सरळ विचारलं, परवाचे बोंबील कसे केलंस? मी म्हटलं, तळले. कुरकुरीत झाले? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, खोटं. पाणी काढल्याशिवाय बोंबील कुरकुरीत होत नाय, आणि पाणी कसा काढतात ते तुना ठाऊक नाय. मग भर रस्त्यावर, गाड्या हॉर्न देत असताना, तिनं कोयत्यानं एक बोंबील उभा चिरून दाखवला. काटा काढ, पसर, फडक्यात ठेव, वर पाटा ठेव. सुलूचा पाटा हाय ना? पाणी निघालं की मीठ-मसाला, तांदळाचं पीठ, तवा चांगला तापू दे. सुलू येईपर्यंत असं नाही म्हणाली ती. म्हणाली, सुलू नाय तर तू कर.

त्या दिवशी मी पहिल्यांदा गॅस पेटवून तवा ठेवला. पहिला बोंबील फुटून तव्यावर चिखल झाला. दुसरा करपला. तिसरा जमला, तो मी उभ्या उभ्या खाल्ला. पुढं दर फेरीला एक धडा. बांगड्याला तिरफळ, ते ठेचून, दाण्यानं नाही मोजायचं, वासानं. कोळंबीच्या पाठीतला काळा दोरा. शिकवताना ती शिव्या द्यायची. एवढा म्हातारा झालास, भांडं कुठलं घ्यायचं ते कळत नाय, सुलूनं तुना लाडावून ठेवला. मी ऐकून घ्यायचो. त्या दिवसांत मला शिव्या देणारं दुसरं कोणी नव्हतं. सगळे हळू आवाजात बोलायचे.

पण घेतलेलं जास्त आणि शिजवलेलं कमी. संदीप एका रविवारी आला, बर्फ काढायला वरचा खण उघडला आणि तिथंच उभा राहिला. पिशव्यांवर पिशव्या, बर्फात गोठलेल्या. बाबा, हे काय आहे? मी म्हटलं, मासळी. कोणासाठी? मी खणाचं दार लावलं. त्याला वाटलं बापाचं डोकं फिरलं. त्याची चूक नाही. बंद दाराआड तो वर्षाशी फोनवर बोलला आणि येऊन म्हणाला, एक तर कांदिवलीला चला, नाही तर मी सांगतो तिथं जायचं. कांदिवलीला गेलो तर सुलूच्या फोनवर रिंग येईल तेव्हा गेटवर कोण जाणार? मी म्हटलं, सांगतो तिथं जातो.

ते म्हणजे मुलुंडचा हॉल. ज्यांचं माणूस गेलंय ती मंडळी दर शनिवारी संध्याकाळी गोल खुर्च्या टाकून बसतात. मॅडम तरुण आहेत, पण ऐकायला बऱ्या. प्रत्येकानं आपलं कोण गेलं ते सांगायचं. एकीचा मुलगा. एका गुजराती माणसाची आई, तो रडला तेव्हा मला वाटलं, एवढा मोठा माणूस. माझी पाळी आली. दहा माणसं माझ्याकडं बघत होती. मी म्हटलं, "माझी बायको गावाला गेलीय."

कोणी हसलं नाही. संदीप मागच्या खुर्चीवर होता, त्यानं मान खाली घातली. मॅडमनी मला दुरुस्त केलं नाही. शांतपणे विचारलं, "कधी येणार आहेत?"

रिक्षात बसून घरी येईपर्यंत तो प्रश्न माझ्या डोक्यात घण घालत होता. उत्तर नव्हतं म्हणून नाही. पाच महिने झाले होते. कौलं, काजू, लग्न, गुडघा, सगळं विचारून झालं होतं. चांगुणानं हा एकच प्रश्न मला कधी विचारला नव्हता. गावाला गेलेल्या माणसाबद्दल जो पहिला विचारतात, तोच.

त्या रात्रीपासून मला तिची भीती वाटायला लागली. दोन फेऱ्या मी गेलो नाही. फोन वाजला, मी बघत बसलो. तिसऱ्या फेरीलाही दोन रिंग आल्या आणि कापल्या गेल्या. एकही वाढली नाही. मी जाळीतून खाली बघितलं. ती कट्ट्यावर बसून होती. अर्धा तास बसली, मग डाव्या पायावर कलत गेली.

मे महिना लागला होता. आमच्याकडे पाऊस लागायच्या आधी सुकी मासळी भरून ठेवतात. बोटी बंद होतात, ताजं मिळत नाही, तर घरात सुके बोंबील, सुकट, जवळा, खारे बांगडे असायला हवेत. त्याला बेगमी म्हणतात. आमची बेगमी दरवर्षी चांगुणाच आणायची. ती दोन गोण्या घेऊन टेम्पोतून यायची आणि घरोघर माणसं विचारून माप भरायची. पोरं होती तेव्हा चार माणसांची, मग संदीप गेला, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, दोन माणसांची. सुलू वर्तमानपत्र अंथरून सगळं निवडायची आणि डब्यांत भरून झाकणाला फडकं बांधायची.

त्या बुधवारी दोन रिंग आल्या तशी वरून मला टेम्पो दिसला आणि गोण्या दिसल्या. बेगमीला नाही म्हणता येत नाही. सुलू रागावली असती. मी खाली गेलो.

चांगुणानं मागच्या फेऱ्यांचं काही काढलं नाही. गोणीचं तोंड सोडलं, जुनं पत्र्याचं माप हातात घेतलं, आणि दरवर्षी विचारते तसंच विचारलं.

"किती माणसांची भरू?"

मागं एक गाडी गेटमधून बाहेर यायला थांबली होती. वॉचमन म्हणाला, मावशी, बाजूला घ्या. ती हलली नाही. माप धरून माझ्याकडं बघत बसली. दोन म्हणालो असतो तर ती दोनचं भरून गेली असती, मला आजही खात्री आहे. पावसाचे चार महिने मी दोन माणसांची सुकी मासळी घेऊन वर बसलो असतो, जाळीच्या आत. पुढच्या मे महिन्यात परत दोन.

"एका माणसाची," मी म्हटलं.

माप तसंच हवेत.

"सुलू वारली," मी म्हटलं. "दिवाळीनंतर. छातीत दुखलं."

पहिल्यांदा बोललो ते असं, रस्त्यावर, गाडी हॉर्न देत असताना. चांगुणानं माप खाली ठेवलं, उठली, गोणी ओढून बाजूला केली, गाडीला जाऊ दिलं. परत येऊन बसली आणि मलाही मनगट धरून कट्ट्यावर बसवलं. तिचा हात खरखरीत आणि ओला होता.

मी म्हटलं, "तुला ठाऊक होतं."

"पहिल्या दिवसापास्नं."

"कसं?"

"तीन आठवडे मी रिंग देतंय, फोन बंद. आणि मग तू येतोस, सुलूचा फोन हातात घेऊन. बाई गावाला जाते ती फोन घरी ठेवून जाते काय रं?"

इतकं साधं होतं. कौलं आणि काजू आणि लग्न, सगळं मी तिचाच फोन मुठीत धरून सांगत होतो. मला हसू आलं आणि हसता हसता जे व्हायचं ते झालं. वॉचमन दुसरीकडं बघायला लागला. चांगुणानं मला गप्प केलं नाही. ती स्वतः पदरानं नाक पुसत होती.

"मग बोललीस का नाहीस?"

"तू बोललास गावाला गेली. मी म्हटलं, असू दे." ती गोणीतले सुके बोंबील उगाच सरळ करत होती. "मना पण बरं वाटत होतं रं. आठवड्यातून तीनदा सुलू गावाला होती. तुनाच एकट्याला वाटत होतं काय तसं?"

सहा महिने मी धरून चाललो होतो की माणूस माझं एकट्याचं गेलं. तीस वर्षं कोणी ह्या बाईला जाताना सावकाश जा म्हणत होतं, ते थांबलं होतं, आणि तिच्याकडे तेरावं करायला माणसं आली नव्हती. कोळणीकडे गिऱ्हाइकाचा दुखवटा घेऊन कोण जाणार?

तिनं माप भरलं. एका माणसाचं भरून पिशवीत ओतलं. मग मूठभर आणखी घेतलं, पिशवीवर धरलं आणि थांबली.

"हे मांजरीचं," ती म्हणाली आणि मूठ सोडली.

पुढच्या फेरीला ती मासळी न आणता आली. डबा आणला होता, कोळंबीचं कालवण आणि तांदळाची भाकरी, आणि नवा टॉवेल, दुकानाच्या कागदात गुंडाळलेला. माहेरच्या माणसांनी दुखवट्याला टॉवेल-टोपी आणायची असते. सुलूच्या भावानं तेराव्याला आणली होतीच. मी म्हटलं, झालंय ते. ती म्हणाली, ते तिच्या भावाचं. हे माझ्याकडनं. टोपी मिळाली नाय. कट्ट्यावर बसून आम्ही दोघांनी ते खाल्लं. मध्येच म्हणाली, मीठ जास्त झालंय, बोलायचं असंल तर बोल, आठ महिने अबोला धरीन. त्या शनिवारी हॉलमध्ये माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं. माझी बायको सुलोचना, ती वारली. वाक्य एवढंसंच आहे. संदीपनं कांदिवलीचं काढणं बंद केलं.

मी सुटलो असं मात्र कोणी समजू नये. जाळी आहे तिथं आहे, दार लावलेलं आहे, आणि खरं बोलल्यानं सुलू काही जिन्यातून वर आली नाही. उलट आता ती गावालाही नाही. नारळी पुनवेपर्यंत फोन वाजला नाही, कारण ताजी मासळी नव्हती. मी सुकट परतायचो आणि घड्याळ बघायचो.

नारळी पुनवेनंतर चांगुणा चारपाच वेळा आली. पायानं तिला अगदी जेरीस आणलं होतं. एका शुक्रवारी दोन रिंग आल्या, खाली गेलो तर टोपली नाही, हातात नुसती कापडी पिशवी. म्हणाली, उरणला चालले, लेकीकडं. सून येईल तुझ्याकडं टेम्पो घेऊन, तिला भाव दोनदा विचारलास तरी चालंल, ती आजकालची हाय. मी विचारलं, परत कधी? आणि विचारल्यावर माझीच जीभ चावली. ती हसली. म्हणाली, तू पण तसलंच विचारतोस, मी विचारलं होतं काय तुना?

रिक्षा यायची होती. आम्ही कट्ट्यावर बसलो. मग तिनं एकदम विचारलं, "तुझं नाव काय रं?"

"दत्ताराम."

"दत्ताराम." तिनं ते तोंडात घोळवून बघितलं, पहिल्यांदाच घेतलेल्या माशासारखं. "बरं हाय." मग म्हणाली, ऊन हाय, तू वर जा, मी बसते. मी नाही म्हटलं तर ओरडली. मी वर आलो.

बाल्कनीत जाऊन जाळीशी उभा राहिलो. सात मजल्यांवरून ती मुठीएवढी दिसत होती, डोक्यात कालची अबोली. रिक्षा आली. तिनं चांगला पाय आत टाकला, दुखरा ओढून घेणार, तेवढ्यात थांबली. पाय परत बाहेर काढला. मान मागं टाकून वर बघितलं. गेटवर आरडाओरड करू नये, ती पाटी तिच्या डोक्यावरच होती.

"सुलूऽऽ, येते गं."

दहा मिनिटांपूर्वी माझं नाव विचारून घेतलेली बाई. समोरच्या बिल्डिंगीत कोणीतरी पडदा सारला. वॉचमन केबिनमधून बाहेर आला. ती तशीच उभी, मान वर, रिक्षाचं मीटर चालू.

मी जाळीत बोटं घातली.

"हा गो," मी ओरडलो. "सावकाश जा."

तिनं हात वर केला आणि पाय आत घेतला.